आवाज गेलेला लॅपटॉप

मी कीबोर्ड एवढा का बडवते म्हणून हसता ना, मग ऐका. माझा जुना लॅपटॉप सुरू होईपर्यंत घरात भात शिजायचा. शेवटी धामणकर नाक्यावरच्या दुकानात हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम वाढवली, पंखाही साफ करून घेतला. लॅपटॉप पळायला लागला आणि त्याची ती घरघरही गेली.

बाबा कापडाच्या लूमवर रात्रपाळी करून येतात आणि दुपारी मी लॅपटॉपवर काम करत असते तिथे शेजारीच झोपतात. लॅपटॉप दुरुस्त करून आणला त्या दुपारी दचकून उठले.

"बंद पडला का गं?"

"नाय बाबा, चालूच आहे. आता आवाज नाय करत."

"बरं," म्हणून आडवे झाले, पण डोळे उघडेच. खडखडाट थांबला म्हणजे लूममध्ये काहीतरी बिघडलं, हे त्यांच्या अंगातच भिनलंय. मला राहवेना. मी बटणं जोरजोरात दाबायला लागले, तसे ते घोरायला लागले.

थोड्या वेळाने हात दुखले म्हणून मी थांबले, तर बाबा डोळे न उघडताच म्हणाले, "धागा तुटला का गं?"

"जोडला बाबा, झोपा," म्हटलं आणि परत बडवायला घेतलं.