अनंताला पाणी कोण घालतंय?

...नाही, नाही, माझी तक्रार नाही हो! पण मला सांगा, एका झाडाला माणसं लागतात किती? बादलीएवढी कुंडी, त्यात कमरेइतकं अनंताचं झाड, पानं अशी तुकतुकीत की त्यांच्यात बघून भांग पाडावा... बायकोचं. तिला जाऊन आठ महिने झाले. शेवटी शेवटी मला बजावलं काय? ‘मातीत बोट घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी. झाड मारू नका.’ बस! मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसतो, बोट घालतो, ओलं लागतं, पाणी घालत नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला, माती आपली ओलीच! म्हटलं, वा, झाड आहे की उंट?

आणि पानं पिवळी पडायला लागली! तिनं एवढं एकच काम सांगितलेलं, आणि तेही...? नर्सरीवाल्याला धरून आणला. त्यानं कुंडी तिरकी केली, तर खालून धार!

‘साहेब, हे सुकत नाहीये, बुडतंय. पाणी कोण घालतं?’

‘कोणीच नाही!’

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं... जाऊ द्या, माझी तक्रार नाही.

मग काय, रजा टाकली आणि उभा राहिलो पडद्यामागे. स्वतःच्या घरात, चोरासारखा! किल्ल्या हिनंच सगळ्यांना वाटून ठेवलेल्या. अकराला मेहुणी. ‘ताई, भाऊजी फार उतरलेत गं...’ आणि एक तांब्या! बाराला शेजारच्या मास्तरीणबाई. ‘तुझ्या शिवणयंत्राची सुई माझ्याकडून मोडली गं, कुणाला सांगू नकोस...’ एक तांब्या! चारला माझी लेक. ‘आई, बाबा माझ्या कपड्यांना इस्त्री करतो. जाळतो गं!’ दीड तांब्या!

रविवारी तिघींना समोर बसवलं. ‘अहो, पाणी घालण्याआधी बोट तरी घालायचं!’

‘घातलं की,’ मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘ओलं होतं. म्हणून थोडंसंच घातलं.’

मेहुणी डोळे पुसत फणकारली, ‘भाऊजी, ताईशी बोलायला जायचं ते काय हात हलवत?’

‘आणि बाबा,’ लेक म्हणाली, ‘पानं पुसताना तू काय पुटपुटत असतोस?’

मी? मी कशाला पुटपुटू? पेपरातल्या चार बातम्या सांगतो, इतकंच...

शेवटी नर्सरीवाल्यानं फर्मान काढलं, ‘बोला हवं तेवढं. पाणी मात्र एकाच माणसानं, माती सुकली की!’ आणि काय सांगू, महिन्याभरात नवी पालवी, लखलखीत! एक कळीसुद्धा! मी घरभर नाचलो हो, या वयात!

पण आता चोरी राहिली नाही ना. उघड येतात. तांब्या बंद झाला, म्हणून खुर्ची घेऊन बसतात. माझी तक्रार नाही... पण काल फडकं घेऊन गेलो, तर मेहुणी मान न वळवता म्हणते, ‘भाऊजी, जरा थांबा. आमचं चाललंय.’

सव्वीस वर्षांचा संसार झाला, आणि बायकोशी दोन शब्द बोलायला मला नंबर लावावा लागतो!