इस्त्री केलेला कोळसा

नाव लॅम्बर्ट युरिक, वय ७४, धंदा मालगाडीवर गार्ड, आता निवृत्त. राहणार कोल्टर्स रन, पेनसिल्व्हेनिया. घरात एकटा.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, माझ्या तळघरात खेळण्यातली रेल्वे आहे. खेळण्यातली म्हटलेलं मला आवडत नाही, पण साहेबांनी तसं लिहिलंय, तर असू दे. तीन घरं सोडून राहणारा ऑरिन ड्रेनन आणि मी, दोघांनी मिळून ती उभी केली. रूळ माझे, डब्यांतला माल त्याचा. ओंडके, भंगार, कोळसा, सगळं तो हुबेहूब करायचा.

माझी बायको लॉरेटा गेली, त्यानंतरच्या हिवाळ्यात कोळशाचे डबे मीच भरले, अगदी सपाट. ऑरिन बघून म्हणाला, "अरे, खाणीत कोळसा वरून ओततात, त्याचे ढीग होतात. हा काय इस्त्री केलेला कोळसा?" मी म्हणालो, "एवढं खुपतंय तर माझ्या घराची पायरी चढू नकोस." तो आला नाही. मीही बोलावलं नाही. एकट्याने गाडी फिरवण्यात मन लागेना.

या वसंतात एका रविवारी चर्चमधून परतलो, तर एका डब्यातला कोळसा बदललेला होता. मधे उंच, कडेला उतरता, चार खडे काठावर सांडलेले. असं काम गावात एकच माणूस करतो. लॉरेटाच्या आजारपणात सूप आणून ठेवायला मागच्या दाराची किल्ली त्याला दिली होती, ती मी परत मागितली नव्हती.

काल रविवारी शेजारच्या नव्या भाडेकरू मिसेस पेलेग्रीनो यांनी ऑरिनला त्या दारातून निघताना पाहून पोलिसांना फोन केला. त्यांचा दोष नाही. त्याच्या खिशात सापडलेली काळी पूड स्फोटक वगैरे काही नाही. खलबत्त्यात कुटून जुन्या पायमोज्यातून चाळलेला कोळसा आहे तो. घरातून काहीही चोरीला गेलेलं नाही.

मनाई असताना का गेलास, असं विचारल्यावर ऑरिन "पायरी चढू नकोस म्हणाला होता, मी उतरलो" असं म्हणाल्याचं मला सांगण्यात आलं. मागच्या दारातून जिना थेट खाली उतरतो, हे खरं आहे. म्हातारा महा वस्ताद.

कुलूप बदलणार का, असं साहेबांनी विचारलं. नाही. माझी काही तक्रार नाही. किल्ली त्याच्याकडून काढून घेऊ नये, ही हात जोडून विनंती.

आणखी विचारल्यावरून सांगतो की, ढीग करायला मलाही येतं. पण त्या रविवारपासून दर शनिवारी मी एक डबा मुद्दाम सपाट भरून ठेवतो. चर्च सुटल्यावर कॉफी पीत तिथेच बसून राहतो, त्याला घाई होऊ नये म्हणून.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे, बरोबर आहे. ऑरिन बाहेर बाकावर बसला आहे. त्याला वाचून दाखवायचा झाल्यास याच्या वरचा परिच्छेद तेवढा गाळावा.