एकेचाळीस नंबरचं पाकीट

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे मास्तरीणबाई दवाखान्यातल्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी दोन म्हातारे होते. दोघंही एकेकाळी नौदलात, एकाच जहाजावर; त्यातला एक पुढे पोस्टमन झालेला, एवढं त्यांना ऐकून कळलं होतं.

“पत्रं मागेपुढे पोचायची, म्हणून बायको पाकिटावर नंबर घालायची. आठवतं?”

“न आठवायला काय झालं! तुझं एकेचाळीस आलंच नव्हतं. चाळिसानंतर थेट बेचाळीस.”

“ते सापडलं, मी पोस्टमन झाल्यावर. आमच्याच पोस्टात, कपाट हलवलं तर मागे पडलेलं.”

“काय होतं त्यात?”

“पोर पोटातच गेल्याचं. दोन ओळी तरी लिहा, म्हणाली होती.”

“आणि तू काय लिहिलंस तेव्हा?”

“उडणारे मासे पाहिले म्हणून चार पानं.”

“एकेचाळीस मिळालं नाही, हे नाही कळवलंस?”

“म्हटलं, येईल मागाहून.”

“बरं, सापडल्यावर तरी वहिनींना दाखवायचंस, लेका!”

“वीस वर्षं उलटली होती रे. म्हटलं, खपली कशाला काढा. गावभर पत्रं वाटली, घरचं तेवढं ट्रंकेत ठेवलं.”

“म्हणजे वहिनी समजत राहिल्या, की तू वाचूनही...”

“गेल्या महिन्यात, शेवटच्या रात्री, अंथरुणावरून तिनंच विचारलं. ‘तेव्हा तुम्हाला काहीच कसं हो वाटलं नाही?’”

“मग?”

“मग ट्रंक उघडली. पत्र घेऊन आलो, तर तिला झोप लागलेली.”

“उठवायचंस ना!”

“म्हटलं, उठली की देऊ.”