पुरी बाटली
तिकडे संस्थानं विलीन होत होती आणि इकडे बुऱ्हाणपुरात आमचे वडील तापाने फणफणले होते. ताप उतरला त्याच दिवशी नागपूरला डॉक्टरी शिकणारा दादा सुट्टीत घरी आला. वडिलांनी विचारलं, "तुझ्या पुस्तकावर लिहिलंय ते फार्माकॉलॉजी काय असतं रे?"

"औषध शरीरात काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं, ते शास्त्र. बेतात घेतलं तर औषध, जास्त झालं तर विष!"

वडील पांढरेफटक पडले. "मी तर पुरी बाटली एकदम प्यालो! बहादरपूरच्या मळ्यात केळी कापायची होती, म्हटलं लवकर बरं होऊ."

दादा ताडकन उठला. तेवढ्यात आई पुटपुटली, "अहो, औषध माझ्या हातून सांडलं होतं. तुम्ही ओरडाल म्हणून बडीशेपेचं पाणी भरून ठेवलं."

आमच्या जिवात जीव आला. वडिलांनी मात्र डोळे वटारले, "मग ताप कशाने उतरला?"

दादा म्हणाला, "ते अजून शिकवलं नाही."