मराठीत ओरडलं तर कोणाला कळतंय

आमच्या नितीनपुढे कोणाचं कौतुक केलं की तो त्याला एक ‘पण’ जोडतो. आमच्या ओळखीच्या मेधाचा मुलगा अर्णव इथे लीड्सला युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक आहे. बॉल फेकायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने ठरवायचं.

“पळतो जबरदस्त, पण डोकं अजून तयार व्हायचंय,” नितीन म्हणायचा.

“अरे, पहिलंच वर्ष आहे त्याचं,” मी म्हणायचो.

परवा साउथहॅम्प्टनहून आलेल्या टीमशी मॅच होती. शेवटच्या मिनिटाला डावी बाजू मोकळी दिसली आणि नितीन ओरडला, “अर्णव, डावीकडून पळ.”

“हळू रे, ते ऐकतील,” मी म्हटलं.

“मराठीत ओरडलं तर कोणाला कळतंय?”

समोरचा एक धिप्पाड डिफेंडर तडक डावीकडे धावला. अर्णव जागचा हलला नाही. त्याने शांतपणे उजवीकडे बॉल फेकला आणि टचडाउनचे सहा गुण मिळाले.

मॅचनंतर नितीनने विचारलं, “पळाला का नाहीस?”

इथेच वाढलेला अर्णव त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “काका, तो मोठा प्लेयर देशपांडे आहे. वॉर्म-अपला आम्ही बोललो. तुमची मराठी त्याला कळतो. तो तिकडे जाणार, मला माहीत होता.”

नितीनने अर्णवच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, “पोरगं तयार आहे.”

मी थांबलो. ‘पण’ आलाच नाही.