गाळलेलं कडवं

दाढ बधिर व्हायची वाट बघत तो दातांच्या दवाखान्यात गालात कापूस धरून बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी.

"ताई, तुझ्याबरोबर पुन्हा सिनेमाला येणार नाही. गाणं संपल्यावर 'वन्स मोअर' ओरडतं का कोणी?"

"नाटकात ओरडायचोच की!"

"अगं, नाटकात माणूस गातो. पडद्याला काय ऐकू येणार?"

"मग त्या नाटकावरून सिनेमा काढला कशाला? आणि दुसरं कडवंच गाळलंय मेल्यांनी."

"दुसरं कडवं नव्हतंच मुळी."

"होतं! त्यात दिवा होता."

"दिवा पहिल्यात आहे."

"मग वारा असेल."

"उगाच काहीतरी ठोकून देऊ नकोस."

"मग होडी!"

दिवा नाही, वारा नाही, होडी तर नाहीच नाही! ते नाटक त्याला तोंडपाठ होतं. तोंडच तेवढं कापसाने भरलेलं. दाढ बधिर झाली, डोकं मात्र ठणकायला लागलं. शेवटी तो ताडकन उठला आणि कापसासकट अख्खं दुसरं कडवं गायला. त्यातल्या 'उंबरठ्या'चा 'उंमअआ' झाला, पण सूर हलला नाही.

"बघ, तुझ्या बडबडीने बिचाऱ्यांची दाढ उठली," धाकटी कळवळली. "डॉक्टरांना बोलावू का हो?"

थोरलीने कडकडून टाळ्या वाजवल्या.

"वन्स मोअर!"