प्रेशर मोजण्याआधीची दहा मिनिटं

...आणि मागच्या खेपेला वर सिस्टर मलाच विचारतात, 'जिना चढून आलात का?' आता तुम्हाला सांगतो, मी टॉवर क्रेन चालवणारा माणूस, रोज शिडीनं ढगात जातो, मी काय तीन मजल्यांसाठी लिफ्टची वाट बघू? आलो दोन-दोन पायऱ्या चढत, बसलो, दंडाला पट्टा बांधला, फुस्स फुस्स फुगवला, आणि आकडा बघून सिस्टरचाच चेहरा पडला. एकशे अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, मशीन तपासा, आमच्या साइटवर पण वजनाचा एक काटा आहे, आकडा कायम फुगलेलाच, आम्ही त्याला जावई म्हणतो... तर म्हणाल्या, 'मोजताना बोलू नका.' मी काय बोललो? तसा मी कमी बोलणारा माणूस.

हसू नका रांगेतले सगळे, प्रकरण गंभीर आहे. दोनदा प्रेशर जास्त भरलंय आणि कंपनीच्या नियमानं ही तिसरी तपासणी शेवटची. आज चढं निघालं की क्रेन बंद, मी खाली स्टोअरमध्ये हेल्मेटं वाटत बसणार. इतकी वर्षं लोखंडी गर्डर उचलले, कुणाच्या डोक्यावर मातीचा कण पडू दिला नाही, आणि आता टोप्या वाटू? या विचारानं रात्र रात्र जागतो हो. जागलं की प्रेशर वाढतं. म्हणजे प्रेशर वाढेल या धास्तीनंच प्रेशर वाढतं. सांगा, माणसानं करायचं काय?

मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंना मी फक्त एवढंच विचारलं, की प्रेशर म्हणजे नक्की काय, आकडे दोन कशाला, एकात भागत नाही का, आणि हृदय थांबून थांबून ठोके देतं तर रक्त अखंड कसं वाहतं, आमचा काँक्रीटचा पंप बघा, दर धक्क्याला पाइपाला उचकी लागते. बाई म्हणाल्या, 'काका, आधी श्वास घ्या.' मग म्हणाल्या, 'हृदयातून निघते ती महाधमनी लवचीक असते. ठोका पडला की ती फुगते, आलेलं रक्त पोटात सामावून घेते, तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. हृदय दम खातं तेव्हा ती हळूहळू आवळत जाते, रक्त पुढे ढकलत राहते. तेव्हाचा तो खालचा.' मला भरूनच आलं. आमच्या हिचं अगदी असंच. मी भडकलो की सगळं पोटात घेते, आणि मग दिवसभर थोडं थोडं परत करते.

'वय झालं की ही नळी ताठर होते,' बाई म्हणाल्या, 'मग वरचा आकडा चढतो. मानेतल्या आणि छातीतल्या धमन्यांत पहारेकरी असतात. दाब वाढला की मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला म्हणतो, जरा दमानं. पण दाब कायमच चढा राहिला तर पहारेकरी त्यालाच सरावतात.' म्हटलं, आमच्या गेटवरचा वॉचमन अस्साच, ट्रक अंगावरून गेला तरी... 'काका, बोलल्यानंही प्रेशर चढतं.' कुणाला सांगताय? तसा मी कमी बोलणारा माणूस.

म्हणून आज सिस्टरनं फर्मान काढलं, 'बाकावर पाठ टेकून बसा, पाय खाली, दहा मिनिटं एक अक्षर बोलू नका.' बसलोय की. बघा, पाठ टेकलीय. अहो, क्रेनच्या केबिनमध्ये मी दिवसभर एकटा. वॉकी-टॉकीवर खालून येतं, 'डावीकडे. खाली. थांब.' मी म्हणतो, 'बरं.' संपलं. माणसं दिसतात मुंगीएवढी, बोलणार कुणाशी? एकटं वाटतं कधी कधी, खोटं कशाला सांगू. पण मन कसं स्थिर असतं वर. ती केबिन गेली तर मी कुठे जाऊ? खाली उतरल्यावर दोन शब्द निघतात तोंडातून, तेही कुणी विचारलं तरच. आता तुम्ही विचारलंत, 'नंबर कितवा?' म्हणून विषय निघाला. नाहीतर तसा मी...

हां, आलो सिस्टर. बसलो होतो की, अगदी गप्प. विचारा या सगळ्यांना. का हो, सांगा ना... बघा, आता मात्र सगळे गप्प. काय? पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटं? आणि आमची ही, इतका वेळ शेजारी बसून विणत होती, ती सुईवरची नजर न काढता म्हणते, 'सिस्टर, त्यापेक्षा मशीन घेऊन तुम्हीच क्रेनवर चढा. हे गप्प बसतात अशी जगात तेवढी एकच जागा आहे.'

मी म्हणतो, 'बरं.'